कडुनिंबाखालचं व्याख्यान

हे आजवर कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि त्याच्यापासून मी सहसा काही लपवत नाही. यासाठी मला कुणी तुरुंगात टाकणार नाही — म्हणूनच लपवणं सोपं गेलं असेल का?

मी जबलपूरच्या एका कॉलेजात शिकवते. पर्यावरणाच्या पेपरात पाच जादा गुण माझ्या हातात असतात. शहरात या विषयावर जाहीर व्याख्यान असलं की जाऊन ऐकायचं, गुण घ्यायचे. त्या रविवारी तलाव वाचवण्यावर व्याख्यान होतं. मी मागे बसून बघणार आहे कोण येतं ते — असं वर्गात बजावलं होतं. मीच गेले नाही. महाराजपूरला आमचं घर बांधून होत आलं होतं, आम्ही फरशी बघायला गेलो.

सोमवारी चौघं म्हणाले, आम्ही गेलो होतो. मी एकेकाला विचारलं, वक्ते कुठून बोलले? तिघांनी सांगितलं — स्टेजवरून, माइकवर. सरिता म्हणाली, "मैडम, बत्ती चली गई थी. सब बाहर नीम के नीचे बैठे थे."

सरिता गोहलपूरची, वडिलांचं वेल्डिंगचं दुकान. अभ्यासात बेताची. त्या पाच गुणांवर तिचं पास होणं अडलेलं — हे मला ठाऊक होतं.

तिघांचं एक, हिचंच वेगळं. "मैं वहीं बैठी थी," मी म्हणाले. "झूठ भी ढंग से नहीं आता?" वर्ग हसला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिथं नव्हते, हे तिला तेव्हाच कळलं असेल ना? कळलंच असणार. ती खाली बसली.

संध्याकाळी आयोजकांचा फोन आला. वीज गेली, म्हणून सगळ्यांना झाडाखाली बसवावं लागलं. तुमच्या कॉलेजातून फक्त एक मुलगी आली, दुसरं कुणी नाही, पण ती शेवटपर्यंत थांबली. "आप नहीं आईं?" मी म्हणाले, तब्येत ठीक नव्हती.

"काहून गप्प बसून राहिली?" नवऱ्यानं विचारलं.

"फरशीचा रंग पटला नाही."

गुण अजून पाठवायचे होते. वर्गात एक वाक्य पुरेसं होतं — मी तिथं नव्हते. मी तासभर जलप्रदूषण शिकवलं. सरिताला गुण द्यायचे, तर कारण सांगावं लागलं असतं. तिघांचे काढायचे, तरी तेच. तिघांना दिले. तिला नाही. ती नापास झाली. पुन्हा परीक्षेला बसलीच नाही. घरच्यांनी लग्न लावून दिलं, एवढं कानावर आलं.

मैडमसमोर कुणाचं खोटं टिकत नाही, असं स्टाफरूममध्ये नव्या लोकांना सांगतात. त्या नीमवाल्या मुलीला मी कसं पकडलं, ते माझ्यासमोरच रंगवून सांगतात. मी अडवत नाही. चहा संपवते आणि तासाला जाते.