बेगम बाजारातली शाल

कपाटातली ती शाल उलगडली की अजून बेगम बाजारातल्या सुक्या मिरचीचा खकाणा नाकात जातो. तिथल्या व्यापारी संघाच्या वायफायच्या नावाचंच दुसरं, खोटं वायफाय कुणीतरी लावून दुकानदारांचे पासवर्ड चोरत होतं. ओरड झाली म्हणून संघाने नेटवर्क तपासायला मला बोलावलं. संघाचा सेक्रेटरी आधीच ऑफिसच्या खालच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याचं नाव घेऊन मोकळा झाला होता. मी लॅपटॉप हातात धरून मिरचीच्या पोत्यांमधून खोकत हिंडले. खोट्या वायफायचा सिग्नल दुरुस्तीवाल्याच्या दुकानात जेमतेम येत होता, जिना चढताना वाढत गेला आणि सेक्रेटरीच्याच टेबलाखाली ते राउटर सापडलं. "सिर्फ सब का भाव देख रहा था," तो म्हणाला. मी भर सभेत सगळं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "जाने दो बेटी, घर की बात है," आणि माझ्या सत्काराची शाल त्याच सेक्रेटरीच्या हातून माझ्या खांद्यावर पडली. दुरुस्तीवाल्याला मात्र दुकान सोडावंच लागलं, कारण त्याचं नाव एकदा निघालं होतं. आज ती शाल मी फरशी पुसायला काढली. मेली पाणीसुद्धा धड शोषत नाही.