हृदयाच्या खिशाला झाकण

आधी मावशीचं सांगतो. मावशी इथल्याच मोरवा गावची. भाईंदर पश्चिमेला आमच्या भांड्यांच्या दुकानासमोर सकाळपासून सुकी मासळी घेऊन बसते. नात्याने ती माझी कोणी नाही. माझी माणसं तिकडे राजापूर तालुक्यात, इथे मी एकटाच खोली घेऊन राहतो. पण हे जे मी माझ्या उजव्या हाताने लिहितोय, ते तिच्यामुळे. एवढं सांगून टाकलं म्हणजे बाकीचं कसंही सांगायला मी मोकळा.

माझं काम स्टीलच्या भांड्यांवर नावं घालायचं. सातवीत शाळा सुटली, पण या हाताने जेवढी अक्षरं काढली तेवढी आमच्या मास्तरांनीसुद्धा काढली नसतील. लग्नाचा आहेर, वास्तुशांतीचे डबे, कोणाच्या तरी स्मरणार्थ देवळात दिलेलं पातेलं. मशीन घुर्र करतं आणि पत्र्यावर ठिपके ठिपके उमटत जातात.

मागच्या वर्षी असाच एका कळशीवर नाव घालत होतो. मावशी आपली परात घेऊन बाजूला उभी. एकदम म्हणाली, "आरं, तुजी ओळ खाली का चालली?"

"सरळच आहे की," मी म्हटलं. म्हणजे मला वाटलं, मी असं म्हटलं. तोंडातून भलतंच काहीतरी आलं आणि मशीन हातातून सुटलं.

दुकानाचे शेठ म्हणाले, "पहले इसको पानी पिलाओ."

"पानी न्हाय, रिक्शा!" मावशी ओरडली. "तोंड वाकरा झालाय त्याचा, दिसत न्हाय?"

तिला अक्षर वाचता येत नाही, पण त्या दिवशी फक्त तिनेच बरोबर वाचलं. जवळा, बोंबील रस्त्यावर तसेच उघडे टाकून ती माझ्या शेजारी रिक्षात बसली.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत हात परत हलायला लागला होता. मला वाटलं, चला, सुटलो. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, सुटला नाहीत, इशारा मिळालाय. माझे ठोके म्हणे एका तालात पडत नाहीत. हृदयाला एक छोटा खिसा असतो, सगळ्यांनाच असतो. ठोके असे फडफडले की त्या खिशात रक्त साचून राहतं, त्याची गुठळी होते, ती मेंदूकडे गेली की झटका. या खेपेला हात परत मिळाला, पुढच्या खेपेला मिळेलच असं नाही.

रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. आता माझं काम म्हणजे पत्र्याच्या धारेशी. दिवसाला एखादं तरी बोट कापतं. पूर्वी हळद दाबली की झालं. आता अख्खा रुमाल भिजला तरी थांबेना. पुढे पोटातूनच रक्त जायला लागलं आणि परत भरती झालो. म्हणजे गोळी घ्यावी तर हे, न घ्यावी तर हात जायची भीती.

तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मग आपण त्या खिशालाच झाकण लावू." कागदावर चित्र काढून दाखवलं. बारीक जाळीची छत्री, मिटवून नळीत घालायची, मांडीच्या शिरेतून वर न्यायची आणि खिशाच्या तोंडाशी उघडायची. एकदा बसली की कायमची.

मी घाबरलो होतो, पण झाकण म्हटल्यावर माझ्यातला भांडीवाला जागा झाला. "मॅडम, स्टील कुठलं? तीनशेचार ग्रेडचं का?"

"निकेल आणि टायटॅनियम."

"निकेल आहे? मग ठीक. आणि नाव वगैरे असतं त्याच्यावर?"

"नंबर असतो."

"नंबर चालेल."

शेजारी बसलेल्या मावशीने कोपर मारलं. "गप रं! आता घासाघीस करशील."

शेठनी खर्चासाठी माझे कागद एका ट्रस्टकडे पोचवले, ते मंजूर झाले आणि झाकण बसलं. मी झोपेत होतो, मला काही कळलंच नाही. चौथ्या दिवशी खोलीवर आलो, दुपारी पडल्या पडल्या एक अवदसा आठवली. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला शंका आली की आम्ही भांड्याला लोहचुंबक लावतो. चिकटलं तर माल हलका, नाही चिकटलं तर चांगला. माझ्या पिशवीत एक होतं. शर्टाची बटणं काढली, देवाचं नाव घेतलं आणि लावलं छातीला.

नाही चिकटलं! "अस्सल माल!" मी एकटाच ओरडलो.

आणि पुढच्याच क्षणाला घाम फुटला. आत छत्री ओढली गेली असली तर? वाकडी झाली असली तर? मावशीला फोन लावला. "हलू नको, मी येते," म्हणाली आणि टोपली कोणाच्या तरी गळ्यात मारून आलीसुद्धा. तिच्या देखत हॉस्पिटलला फोन केला, स्पीकर लावून. सिस्टरने सगळं ऐकून घेतलं. मग फोनवर नुसतं खिदळणं.

"काका, त्यात बॅटरी नाही, काही नाही. तुमच्या चुंबकाने ती जाळी हलत नाही. शर्ट घाला आणि आराम करा."

मावशी भिंतीला टेकून खाली बसली. हसून हसून डोळ्यांत पाणी. "आरं, तू मानूस हायस का टोप?"

पण खरी तपासणी दीड महिन्याने होती. झाकण नीट बसलंय की कडेने फट राहिलीय, ते घशातून नळी घालून बघणार होते. तोवर गोळी चालू आणि माझा हात मशीनपासून, पत्र्यापासून लांब. रोज सकाळी वहीत एक ओळ लिहायचो, सरळ येते का बघायला.

तपासणी झाली. मॅडम म्हणाल्या, "घट्ट बसलंय. फट नाही. रक्त पातळ करायची गोळी आजपासून बंद. कामाला लागा."

मी मॅडमना नमस्कार केला, सिस्टरला केला, लिफ्टवाल्याला केला, बाहेर बाकावर बसलेल्या एका अनोळखी आजोबांच्या तर पायाच पडलो. त्यांनी बिचाऱ्यांनी आशीर्वाद दिला. रिक्षात मी उजव्या हाताची बोटं उघडून मिटून बघत होतो, एकेक बोट, परत परत, आणि हसू काही आवरेना.

"येडा झाला," मावशी रिक्षावाल्याला म्हणाली आणि एकदम कूस दाबून वाकली.

"काय झालं?"

"काय न्हाय. पित्ताचे खडे हायत. डॉक्टर बोलला कापून काढू. दोन वर्सं झाली." मग बाहेर बघत हळूच, "मना भ्या वाटतं रं."

माझ्यासाठी इतक्यांदा हॉस्पिटलच्या पायऱ्या चढली ही बाई, तेव्हा तिला आत काय वाटत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मावशी, तुला वाचता येत नाही, म्हणून हे मीच तुला वाचून दाखवणार आहे. ज्या दिवशी तू ऑपरेशनला हो म्हणशील, त्या दिवशी मशीन बंद. तुझी पिशवी माझ्या खांद्याला, आणि तुला बाहेर आणेपर्यंत मी त्या दारासमोरून उठणार नाही. भ्यायचं असेल तेवढं भी. त्या कामातलं मला सगळं येतं.