पंचाहत्तरीचं मांजर

आई तीन महिन्यांसाठी म्हणून परदेशात माझ्याकडे, केलीव्हिलला आली आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकली. पुण्याच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलेली बाई. लॉकडाऊनमध्ये तिला बोलायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

एका दुपारी शेजारचे चिनी काका अंगणातल्या उन्हात बसून बोटभर उंचीच्या बाटल्या पुसत होते. हिरवट जेड दगडाच्या, कोरीव. त्यांनी एकीचं बूच उपसलं, तर त्याला खाली इवलासा चमचा!

"अगं, ही तर तपकिरीची!" आई कुंपणाशी धावली. "आमचे अण्णा ओढायचे." तिने नाकाशी चिमूट नेऊन दाखवली. काका खूश होऊन म्हणाले, "यस, यस! माझ्या आजोबांच्या."

त्यांनी बाटली लांबूनच वळवून दाखवली. वर वटवाघूळ कोरलेलं.

"अगंबाई! या दिवसांत वटवाघूळ?" आईने मास्क वर ओढला.

मी चाचरत भाषांतर केलं. काका पोट धरून हसले. म्हणाले, "आमच्यात वटवाघूळ म्हणजे फू, आणि सुखसौभाग्य म्हणजेही फू. म्हणून कोरायचं."

"म्हणजे श्लेष!" आईचे डोळे असे चमकले, जणू कोणी तिला पुन्हा वर्गावर पाठवलंय.

मग दर दुपारी एक नवी बाटली यायची. आई अर्थ ओळखायची, बहुतेकदा चुकायची. मासा म्हणजे भरभराट, कारण 'मासा' आणि 'शिल्लक' यांचा उच्चार एकच. घोड्यावर माकड म्हणजे लवकर बढती. "तुझ्या ऑफिसात पाठव ही," आई मला म्हणाली.

तिच्या पंचाहत्तरीला घरात आम्ही दोघीच. तिचं तोंड सकाळपासून उतरलेलं. मी आदल्या दिवशी काकांच्या कानावर घातलं होतं. दुपारी त्यांनी कुंपणाच्या खांबावर एक बाटली ठेवली आणि ते मागे सरकले. तिच्यावर फुलपाखराकडे बघणारं मांजर होतं.

"माओ म्हणजे मांजर, दिए म्हणजे फुलपाखरू. दोन्ही मिळून उच्चार होतो सत्तरी-ऐंशी गाठलेल्या माणसाचा. आज दिवसभर ही तुमची."

आईने बाटली दोन्ही हातांत धरली. मग हसली, ती हसतच राहिली.

काकांनी विचारलं, "तुम्ही बाटलीवर काय कोरलं असतं?"

"पान," ती लगेच म्हणाली. "झाडाचं पान, पुस्तकाचं पान, विड्याचं पान, आणि जेवायला वाढतात तेही पान. सांग त्यांना."

मी सांगितलं. काकांनी मान डोलवत बोटांवर चारही अर्थ पुन्हा मोजले.

संध्याकाळी आईने पुरी-श्रीखंड, बटाट्याची भाजी, कोशिंबीर असं ताट वाढलं, मीठ-लिंबासकट, आणि मला खांबावर ठेवायला लावलं. काका दारात आले, ताट पाहिलं आणि मोठ्याने ओरडले, "पान!"

"शाब्बास!" आईने टाळ्या वाजवल्या. "पैकीच्या पैकी!"