सुरगाण्याहून रिकाम्या आलेल्या जिपा

नाशिकच्या एका सभागृहात मला शाल, श्रीफळ आणि मानपत्र मिळालं. वक्ते म्हणाले, या उद्योजकाने सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर पाणी नेलं आणि तिथलं स्थलांतर थांबवलं. टाळ्या झाल्या. मी हात जोडले. विंचूरचा माझा कांदा वाळवण्याचा कारखाना त्या दिवशी बंद होता, कारण स्थलांतर खरोखरच थांबलं होतं.

दर वर्षी भाताची कापणी उरकली की मी त्या पाड्यावर जिपा धाडायचो आणि तिथलाच एक मुकादम कांदा सोलायला माणसं भरून आणायचा. त्यांना प्यायला पाणी नाही म्हणून मी टाकी बांधून दिली. पंप घेताना मात्र सवय नडली. दान असलं म्हणून काय झालं? दुकानदाराला पिळून लहान पंपाच्या भावात मोठा पंप उचलला. बायको म्हणाली, "पुण्य करतानाही घासाघीस करा तुम्ही!" मला ती स्तुतीच वाटली.

मोठ्या पंपाने टाकी भरून पाणी उरलं, ते शेतात गेलं. भातानंतर पडून राहणाऱ्या जमिनीत भाजीपाला उभा राहिला आणि माझ्या जिपा रिकाम्या परतल्या.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः पाड्यावर गेलो. मुकादम वांग्यांना पाणी देत होता.

"पाणी कोणी दिलं रे तुला?" मी ओरडलो.

"तुमीच, शेठ. म्हणून तर पहिली पाटी तुमच्याकडंच धाडनार होतो."

"वांगी वाळवू का मी आता?"

बांधावरच्या बायका हसल्या. त्यांतली एक वर्षानुवर्षं माझ्याकडे कांदा सोलायला यायची. ती म्हणाली, "कांदाच हिकडं आना ना, शेठ. सोलू की घरी बसून. पोरांची शाळा बी नाय बुडायची."

"हो, कारखानाही आणतो डोक्यावर घेऊन!"

तिला झापलं, मुकादमाला झापलं, घाट उतरेपर्यंत ड्रायव्हरलाही झापलं. उपकाराची जाण कुणाला राहिलेली नाही, हे माझं मत आजही कायम आहे. पण कांदा वाळवायच्या मशीनवर विंचुरातही माणूस मिळतो. सोलायला मात्र तिथे कोणी बसत नाही. आणि आवारातल्या कांद्याला कोंब फुटायला लागले होते.

घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवून मी मुकादमाला फोन लावला.

"ट्रक पाड्यापर्यंत चढेल का रे?"

"चढंल की."

"आणि बसायला सावली?"

"समाजमंदिर हाय," तो म्हणाला. "पन शेठ, आधी भाव बोला."