पालथा घातलेला पेला

मी बाटली उचलली आणि मॅनेजरसाहेबांनी आपला पेला पालथा घातला.

चिनी मातीचा, लिंबाएवढा पेला. त्यावर त्यांनी वरून हातही ठेवला.

"माझं झालं," साहेब म्हणाले.

झालं काय होतं? जेवण आत्ताच सुरू होत होतं. अजून एक थेंबही कोणी त्यांना वाढला नव्हता. मी बाटली खाली ठेवली. साहेबांच्या पलीकडं स्टोअरचे साहेब बसले होते. त्यांनी तीच बाटली उचलली. मॅनेजरसाहेबांनी पेला सुलटा केला. भरून घेतला. प्यायले.

टेबलाभोवती आठ माणसं. सगळ्यांनी पाहिलं. पाहिलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं.

नव्वदनंतरची गोष्ट आहे. आदिलाबादहून निर्मलकडं जाताना मावला गावाच्या पुढं एक नवी सूतगिरणी उभी राहत होती. सूत कातायचे साचे जपानचे, पिंजणीची यंत्रं युरोपातली. ती बसवायला तिकडचीच माणसं आली. त्यांना आपलं तिखट सोसेना. म्हणून मालकानं सडकेच्या कडेला त्यांच्यासाठी एक हॉटेल काढलं. बोर्ड नव्हता. लोक त्याला जपानी हॉटेल म्हणायचे. हैदराबादेत काम केलेला राजन्ना तिथं स्वयंपाकाला. जपान्यांनी त्याला त्यांचं शिकवलं, युरोपच्या फिटरांनी त्यांचं. हळूहळू गावातले साहेबलोकही तिथं चव बघायला जायला लागले.

तिथं ताट नसायचं. टेबलाच्या मधे बारक्या बारक्या बशा. एकीत तळलेलं वांगं, त्यावर काळपट खारट काहीतरी थापलेलं. एकीत बटाटा आणि अंडं गार करून कालवलेलं. एकीत गोदावरीचा मासा. काळ्या पापुद्र्यात गुंडाळलेले भाताचे गोळे. पाव, चीज. सगळ्यांनी त्याच बशांतून उचलायचं. आणि साके, म्हणजे तांदळाची दारू, गरम पाण्यात ठेवून कोमट केलेली. मोहाच्या दारूसारखा तिला उग्र वास नव्हता.

"आपला पेला आपण भरायचा नाही," जपानच्या हमादासाहेबांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. "शेजाऱ्याचा भरायचा. शेजारी आपला भरतो."

मला ते फार आवडलं होतं.

हमादासाहेब साचे बसवायला आले होते. मी त्यांच्या हाताखाली. मी भीमपूरकडचा, महारवाड्यातला. माय दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायची. मी डिप्लोमा केला, गिरणीत लागलो. अजून पक्का झालो नव्हतो. आठ महिने आम्ही दोघांनी मिळून साच्याची एकेक चाती बसवली. पहिलं सूत निघालं तेव्हा हमादासाहेबांनी ते माझ्या बोटाला गुंडाळलं आणि लहान मुलासारखे हसले. त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. माझा हात धरून मला आपल्या शेजारी बसवलं. माझ्या दुसऱ्या बाजूला मॅनेजरसाहेब.

मॅनेजरसाहेब आपल्याच भाषेचे. आजोबांपासून आदिलाबादेत. आजोबा निझामाच्या कचेरीत पेशकार होते, हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. सगळीकडं तेलुगू आणि हिंदी. त्यात कोणी मराठी बोललं की मला तो माणूस आपला वाटायचा. साहेबही वाटले होते. पण माझी फाइल त्यांच्याकडं होती. फाइलीत जातीचा दाखला.

पेला ठेवून ते माझ्याकडं वाकले. मराठीत, हळू आवाजात बोलले. बाकीच्यांना कळू नये म्हणून.

"ऊठ. तुझं बाहेर वाढलंय."

"काऊन साहेब?"

"ह्या काड्या तुला जमायच्या नाहीत. उगाच शोभा होईल. बाहेर बाकावर बस, पोटभर खा."

काड्यांनी खायला मी आठ महिन्यांत शिकलो होतो. साहेबांच्या हातात चमचा होता.

मी दाराकडं पाहिलं. बाहेर बाकावर स्टीलचं ताट होतं, वर पेपर झाकलेला. राजन्ना दारात उभा. त्यानं नजर चुकवली. म्हणजे माझं काही चुकलं म्हणून हे नव्हतं. मी यायच्या आधीच ते ताट वाढलेलं होतं.

खोटं सांगत नाही, माझे पाय उठायला लागले. पायांना सवय होती. गिरणीच्या कॅन्टीनमध्ये आमच्या लोकांचे ग्लास खालच्या फळीवर असत. कोणी सांगायचं नाही, कोणी विचारायचं नाही. मीही आठ महिने रोज वाकून त्याच फळीवरचा ग्लास घेत होतो. डिप्लोमावाला मी. वाकत होतो.

मी अर्धा उठलो. हमादासाहेबांनी विचारलं, "प्रॉब्लेम?"

मॅनेजरसाहेब हसले. "नो प्रॉब्लेम सर. ही इज नॉट वेल."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. हा माणूस मला उठवणार, आणि वर माझा आजार म्हणून सांगणार. उद्या मीही तेच सांगेन. तब्येत बरी नव्हती म्हणून उठलो. मायला तेच सांगेन. पुढं माझ्या पोरांनाही.

मी खाली बसलो.

"आय ॲम वेल," मी म्हणालो. आवाज फाटला. मी पुन्हा म्हणालो, मोठ्यानं. "आय ॲम व्हेरी वेल. आय ॲम हंग्री."

मी काड्या उचलल्या. वांग्याची फोड पहिल्यांदा निसटली. दुसऱ्यांदा धरली. खाल्ली. मग मासा. मग भाताचा गोळा. एकेका बशीतून घेतलं. ज्या बशीला माझी काडी लागली, त्या बशीवरून साहेबलोकांचे चमचे मागं सरकले. युरोपचा एक फिटर मात्र काही न कळता खात राहिला.

मी हमादासाहेबांकडं पाहिलं. वाटलं, हे आता काही बोलतील. त्यांनी मान खाली घातली. त्यांना समजलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. पण तेव्हा मला कळलं. त्या टेबलावर माझ्या बाजूनं बोलणारं माणूस एकच होतं, आणि ते मी होतो.

कापूस माझ्या मायनं वेचला. रुईला विटाळ झाला नाही. सूत माझ्या हातून निघालं. सुताला विटाळ झाला नाही. ते साहेबांच्या अंगावरचा सदरा झालं तरी होणार नव्हता. विटाळ फक्त बशीला.

मी सगळं जेवलो. पोट भरेपर्यंत. चव काही कळली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. टेबलावर कोरा कागद.

"माफीनामा लिही. दारूच्या नशेत माझ्याकडून गैरवर्तन झालं. सही कर. याच महिन्यात तुला पक्का करतो."

"मी प्यायलो नव्हतो साहेब." खरंच नव्हतो. हमादासाहेबांनी भरून दिलेला पेला तसाच राहिला होता.

"लिहायचं नसेल तर उद्यापासून येऊ नको."

मी खाली दुसरा कागद घेतला, कार्बन मागितला. त्यांना वाटलं मी नमलो. दिला. मी लिहिलं. काल काय झालं ते, जसं झालं तसं. पेल्याचं लिहिलं. बाकावरच्या ताटाचं लिहिलं. खालच्या फळीवरच्या ग्लासांचं लिहिलं. शेवटी लिहिलं, मी शुद्धीत होतो. सही केली. वरचा कागद साहेबांना दिला, खालचा खिशात घातला.

साहेबांनी वाचलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तुला कोणी शिकवलं हे?"

मी बाहेर आलो.

घरी गेलो. माय अंगणात तुरी पाखडून राह्यली होती.

"आज लवकर आला?"

"नोकरी गेली माय."

"काऊन?"

सांगितलं. सगळं. तिचं सूप थांबलं. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ दे बापा. जन्मभर तिच्या तोंडी तेच होतं. पाटलानं शिवी दिली, जाऊ दे. विहिरीवरून हाकललं, जाऊ दे.

तिनं सुपातला खडा वेचून टाकला. मग विचारलं,

"मंग पोटभर जेवला का नाई?"

"जेवलो."

"मंग झालं."

ती पुन्हा पाखडायला लागली. जाऊ दे म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीच्या आधी मी गिरणीच्या फाटकावर जाऊन उभा राहिलो. आमचे लोक सायकलींवरून येत होते. कोणी बघून पुढं गेले. चारपाच जण थांबले. चौकीदार ओरडला, "हटो यहाँ से." मी हटलो नाही. खिशातला कागद काढला. कार्बनची अक्षरं फिकी होती, पण मला ती पाठ होती.

पहिल्या ओळीत माझी जात होती. ती मी सगळ्यांत मोठ्यानं वाचली.