उलटी सीट

आमच्या ह्यांचं सायकलचं दुकान घराच्या खालीच आहे. पण लांबून माणसं येतात ती एकचाकी घ्यायला. एक चाक, वर सीट, ना हँडल ना ब्रेक. धडधाकट माणसाला असलं काही का सुचावं, ते मला एवढ्या वर्षांच्या संसारात कळलेलं नाही.

गिऱ्हाईक नवशिकं असलं की ह्यांचं पुराण सुरू होतं. चाक वीस इंची घ्या, टायर जाड हवा. रंगाला भुलू नका, आठवड्यात खरवडून निघेल. पेडल प्लास्टिकचीच बरी, लोखंडी असली की नडग्या सोलतात. सीट बेंबीइतकी उंच. पैसे घालायचेच तर पेडलची दांडी आसाला बसते तिथे घाला. "स्वस्त घ्या, हलकं घेऊ नका," हे शेवटचं वाक्य. गिऱ्हाइकाच्या हातातली महागडी गाडी काढून परत टांगताना मी ह्यांना पाहिलंय. धंदा असा करतात होय?

पण जेवता जेवता ह्यांचा हात थांबतो. "ऐकलंस?" खालून टिकटिक येते म्हणे. मला काही ऐकू येत नाही. हे ताट सोडून खाली जातात, एकेक पेडल पिळून बघतात आणि निवलेलं जेवण जेवायला परत येतात. सोळा वर्षं हेच चाललंय.

सोळा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या दिरांना ह्यांनीच एकचाकी जोडून दिली होती. ही गाडी दोन्हीकडून सारखीच दिसते, पुढची बाजू कळते ती फक्त सीटवरून. घाईत ह्यांनी सीट उलटी बसवली. तसं झालं की डावं पेडल उजवीकडे जातं, त्याचे आटे उलटे असतात, आणि पाय मारावा तसं ते आपोआप सैल होत जातं. चौथ्या दिवशी उतारावर ते निखळलं. भाऊजींचं डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. ते गेलेच.

लोक त्यांना घेऊन दवाखान्यात धावले, आणि पडलेली गाडी कुणीतरी दुकानात आणून टाकली. मी मागच्या दारात उभी होते. हे पाना घेऊन सीट सरळ करत होते. त्यांनी मला पाहिलं नाही. पुढे सगळे म्हणाले, भाऊजींनाच धीर नव्हता. हे गप्प राहिले, मीही गप्प राहिले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. आमच्या घरात ते दोघांच्या मनात होतं.

परवा पुतणी आली. भाऊजी गेले तेव्हा कडेवर होती. आम्हाला मूलबाळ नाही, जीव सगळा तिच्यातच. तिला एकचाकी शिकायची होती, आणि जाऊबाईंची एकच अट होती, निवड काका करतील. ह्यांनी एक जुनी पण दणकट गाडी काढली. सीट बसवली, काढली, परत बसवली. मला कळलं, हे आता बोलणार, आणि पोर आपल्यापासून तुटणार. फार भीती वाटली मला.

"बाबांसारखी घाई मी नाही करणार, काका," ती म्हणाली.

ह्यांनी पाना खाली ठेवला. "घाई त्याची नव्हती. सीट मी उलटी बसवली होती. तो मला म्हणाला होता, टिकटिक येतेय. मी म्हणालो, नवी आहे, होईल ठीक."

तिने गाडी स्वतःकडे ओढून घेतली. मग म्हणाली, "उलटी कशी ओळखायची, दाखवा." ह्यांनी दांड्यांवरची डाव्या-उजव्याची खूण दाखवली. तिने सीट स्वतः काढली, स्वतः बसवली, नट स्वतः आवळला. ह्यांना हात लावू दिला नाही. पण जाताना वाकून नमस्कार केला, तेव्हा हे ढसाढसा रडले.

मग ती माझ्याकडे वळली. "काकू, तुम्हाला काकांनी हे कधी सांगितलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. ह्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून हे पोटभर जेवतात. काल दुपारी माझाच घास हातात राहिला.

"अहो, ऐकलंत?"

"काय?" हे म्हणाले, आणि जेवत राहिले.