कपाळावरची आंबेहळद

नऊ जणी. त्या उन्हाळ्यात सकाळी डोळे उघडले की मी आधी बोटांवर नऊ जणी मोजायचे आणि मग चहा टाकायचे. नवरा म्हणायचा, "लोक उठल्यावर देवाचं नाव घेतात." मी म्हणायचे, देव काही शनिवारी मैदानात उतरणार नाहीये.

अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये आमची बायकांची ऑस्ट्रेलियन फुटबॉलची टीम आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी मला वरपासून खालपर्यंत बघतो. बघणारच. मी त्रेपन्न वर्षांची, मूळची नागपूरची, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते. जन्मात कधी चेंडू नीट झेललेला नाही. पण आमच्या ऑफिसात एक ऑस्ट्रेलियन बाई होती, तिनं ही टीम काढली आणि मला मॅनेजर केलं. मॅनेजर म्हणजे फॉर्म भरायचे, मध्यंतराला संत्री कापून द्यायची आणि जी आली नाही तिला फोन करायचा. खेळ असा की चेंडू लांबट, मैदानही लांबट गोल. चेंडू हातानं फेकायचा नाही, लाथेनं उडवायचा किंवा मुठीनं ठोसायचा. वरून येणारा चेंडू झेलायला दुसरीच्या खांद्यावर गुडघा रोवून उडी मारली तरी चालते. डोक्यावर हेल्मेट नाही, अंगावर पॅड नाहीत. पहिली मॅच मी बोटांच्या फटीतून पाहिली होती.

दोन वर्षांपूर्वी त्या बाईची आई आजारी पडली आणि ती पर्थला परत गेली. जाताना सामानाच्या खोलीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, टीम मरू देऊ नकोस. असं कुणी किल्ली हातात देऊन सांगितलं की माणूस अडकतो. टीम तर थकलेलीच होती. बहुतेक जणी चाळिशीच्या, कुणाचा गुडघा गेलेला, कुणाची बदली झालेली. पहिल्या वर्षी आम्ही एकही मॅच जिंकलो नाही. लीगचा नियम असा होता की एका मोसमात तीनदा नऊ जणी उभ्या करता आल्या नाहीत तर टीमचं नाव यादीतून काढायचं. दुसऱ्या वर्षी मे महिना संपेपर्यंत आमचं दोनदा झालं होतं.

नव्या मुली मला सापडल्या त्या महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला. जवळच्या युनिव्हर्सिटीत एमएस करणाऱ्या मुली पार्कात खो-खो खेळत होत्या. त्यातल्या एकीनं, लातूरकडच्या एका गावातल्या, असा काही सूर मारला की माझ्या हातातल्या मसालेभाताचा घास हातातच राहिला. मी सरळ जाऊन विचारलं, गुरुवारी संध्याकाळी काय करतेस? "असाइनमेंट," ती म्हणाली. पुढच्या गुरुवारी ती आली आणि येताना सहा जणी घेऊन आली. त्यातल्या दोघी इंटर्नशिपला गेल्या, एक बेलव्ह्यूला आणि एक पार्सिपनीला. तिला धरून राहिल्या पाच. चार जुन्या आणि पाच नव्या, एकही जास्त नाही.

पण काय पोरी होत्या! जुन्यांनी त्यांना लाथ कशी मारायची ते शिकवलं. पळणारीला धरायचं कसं हे शिकवायची गरज पडली नाही, कबड्डी खेळलेल्या पोरींना ते उपजतच येतं. आम्ही हरतच होतो, पण आता समोरच्या टीमला घाम फुटायचा. चाळिशीच्या बायका त्यांच्यामागे पळता पळता हसायला लागल्या. मला मात्र हसू येईना. प्रत्येक पोरीत मला एक मोडू शकणारा हात दिसायचा. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते माझ्यासाठीच लिहून ठेवलं असावं.

त्यात फॉर्मची भर. दुखापत झाली तर कुणाला कळवायचं, असा एक रकाना असतो. पोरींचं इथे कुणीच नव्हतं. पाचही जणींनी माझं नाव घातलं आणि नातं लिहिलं, मावशी. मला भरून आलं आणि मी ते पाचही फॉर्म पुन्हा एकदा वाचले. एका दिवसात पाच भाच्या, आणि त्यांच्या आयांना मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

लातूरच्या पोरीनं तर वर बजावलं, "मावशी, घरी नका हं सांगू. आईला वाटतं मी बॅडमिंटन खेळते." बारावीत असताना कबड्डीत तिचा खांदा निखळला होता. त्या दिवसापासून आईनं तिचा खेळ बंद केला. आई गावात पिठाची गिरणी चालवायची, एकटी, आणि तिला पोरगी धडपणी इंजिनिअर झालेली बघायची होती. मी मान डोलावली. तिथंच चुकले, पण तेव्हा कळलं नाही.

मोसमातली शेवटची मॅच ऑगस्टमधल्या एका शनिवारी होती. तेवढी निभावली की टीमचं नाव पुढच्या वर्षी राहणार होतं. गुरुवारच्या प्रॅक्टिसला ती पोर चेंडू झेलायला उडाली आणि खाली येताना एका जुन्या खेळाडूचा गुडघा तिच्या कपाळाला लागला. आवाज मला मैदानाच्या कडेला ऐकू आला. ती बसली, उठली आणि हसली.

"आय ॲम फाइन, मावशी. थोडंसं आपटलंय. मॅच कॅन्सल नका करू यार." आणि मग जीभ चावून, "सॉरी."

मी काय केलं? मी तिला गाडीत घातलं आणि घरी आणलं. आईनं दिलेली सहाण काढली, आंबेहळद उगाळली, त्यात चिमूटभर साधी हळद घातली आणि लेप कोमट करून टेंगळावर लावला. आपल्याकडे दुसरं काय करतात? झाडावरून पडलं, दाराला आपटलं, आंबेहळद. नवऱ्यानं दारातून विचारलं, "डॉक्टरकडे न्यायचं का?" मी म्हणाले, "एवढ्याशा टेंगळाला?" मग तिला वरणभात वाढला. तिनं निम्मा ठेवला. मी म्हटलं, दमली असेल, आणि तिला तिच्या खोलीवर सोडून आले.

शुक्रवारी ऑफिसात माझं कामात लक्ष नव्हतं. दर तासाला मी तिला मेसेज करत होते, कशी आहेस? उत्तर यायचं, "मस्त". संध्याकाळी पुन्हा लेप लावायला तिच्या खोलीवर गेले तर पडदे ओढलेले. लॅपटॉप बंद. ज्या पोरीच्या मांडीवरून लॅपटॉप हलत नाही, तिचा लॅपटॉप बंद. फोनचा उजेडही तिनं अगदी कमी करून ठेवला होता.

"डोकं दुखतंय?"

"नाही. झोप येतेय फक्त."

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी चुका शोधण्याचा पगार घेते, मला ती चूक दिसत होती. आमचा मुलगा सात वर्षांचा असताना सायकलवरून डोक्यावर पडला होता, तेव्हा मी कणकेच्या हातांनी त्याला इमर्जन्सीत नेलं होतं. हात धुवायलाही थांबले नव्हते. हे सगळं मला त्या अंधाऱ्या खोलीत आठवलं, आणि तरीही मी बोटांवर नऊ मोजले. मग सूज उतरलीय असं स्वतःला सांगितलं. सूज उतरली होतीच. लेप लावून मी घरी गेले.

शनिवारी सकाळी ऊन कडक होतं. ती गॉगल लावून आली. तिनं चेहरा धुतला होता, पण हळद कुठं जाते? कपाळाच्या उजव्या कोपऱ्यात पिवळा डाग तसाच होता. मॅचच्या आधी मॅनेजरला एका कागदावर सही करावी लागते की सगळ्या खेळाडू तंदुरुस्त आहेत आणि गेल्या आठवड्याभरात कुणाच्या डोक्याला मार लागलेला नाही. पंच उंच, साठीचा, फार सभ्य माणूस. त्यानं कागद पुढं केला आणि त्याची नजर तिच्या कपाळावर गेली. त्यानं आदरानं विचारलं, आज तुमचा काही सण आहे का?

"येस," ती पोर माझ्याआधी बोलली. "फेस्टिव्हल."

पंच हसला. शुभेच्छा देतो म्हणाला. पेन माझ्या हातात होतं. बाकीच्या आठ जणी मागे पायात बूट चढवत होत्या, ओढलेल्या पडद्यांबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं. पोर माझ्याकडे बघत होती आणि तिची मान बारीकशी हलत होती, नको, नको. मला त्या क्षणी तिचा राग आला. किती सहज खोटं बोलली! आणि लगेच कळलं की हे तिला मीच शिकवलं होतं. बॅडमिंटनला मान डोलावली होती. पडद्यांकडे बघून घरी गेले होते. सण तर मीच तिच्या कपाळावर दोनदा उगाळून लावला होता.

"सण नाही," मी पंचाला म्हणाले. "औषध आहे ते. परवा हिच्या डोक्याला मार लागलाय."

पुढचं फार लवकर झालं. पंचानं कागद परत घेतला. आम्ही आठ उरलो, म्हणजे तिसरी वेळ, म्हणजे टीम गेली. समोरच्यांनी चांगुलपणानं आपली एक खेळाडू आम्हाला दिली आणि मॅच नुसतीच, हौसेखातर खेळली गेली. आम्ही हरलो, पण अगदी थोडक्यात, असं मला नंतर सांगितलं. मी बघायला नव्हते. मी तिला घेऊन दवाखान्यात होते.

गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. "टीम संपवलीत तुम्ही," एवढंच म्हणाली. मी गाडी चालवत राहिले. सामानाच्या खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

दवाखान्यात विचारलं, पेशंटच्या तुम्ही कोण? मी मावशी म्हणाले आणि मला स्वतःचीच लाज वाटली. तरुण डॉक्टरीण होती. तिनं तपासलं, डोक्याचे फोटो काढायला लावले. मेंदूला हिसका बसलाय, आतमध्ये रक्तस्राव नाही, तीन आठवडे पूर्ण विश्रांती, स्क्रीन नाही, पळापळ नाही. मग मला बाजूला घेऊन तिनं सांगितलं की आज मॅचमध्ये त्याच डोक्याला दुसरा मार बसला असता तर काय होऊ शकलं असतं. ते मी इथे लिहीत नाही. मी कॉरिडॉरमधल्या खुर्चीत जाऊन बसले.

तिला मी आमच्याच घरी आणलं. मुलाच्या खोलीत झोपवलं. तो आता कामासाठी दुसऱ्या राज्यात असतो. संध्याकाळी साडेआठला, अजून बाहेर उजेड होता, मी तिच्या उशाशी बसून म्हणाले, "आता आईला फोन करायचा." तिकडे सकाळचे सहा वाजत होते. ती भांडली नाही. नंबर लावून फोन तिनं माझ्याच हातात दिला आणि पांघरूण तोंडावर ओढलं.

मी आधी मी कोण ते सांगितलं, मग पोरगी बरी आहे ते सांगितलं, मग लागलंय ते. पलीकडे भांड्यात पाणी पडत होतं, ते थांबलं.

"शुद्ध हरपली होती का?"

"नाही."

"उलटी?"

"नाही."

"आंबेहळद लावली का?"

माझे डोळे भरून आले. "लावली."

"बरं केलं. पण त्यानं वरची सूज उतरती, ताई. आतलं डॉक्टरलाच कळणार. दाखवलं ना?"

"आज दाखवलं."

"आन् लागलं कधी?"

खोटं बोलता आलं असतं. लातूर फार लांब आहे. "गुरुवारी," मी म्हणाले.

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज आला, अगदी शांत. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"तुमचं स्वतःचं लेकरू असतं, तर?"

मला माझे कणकेचे हात दिसले. "त्याच दिवशी नेलं असतं," मी म्हणाले. "तासाभरात. ही खेळली नसती तर आमची टीम राहणार नव्हती. म्हणून नेलं नाही."

पलीकडे तिनं श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"मग आता तुमचंच लेकरू समजा," ती म्हणाली. "आन् द्या तिला."

मी पांघरूण जरा बाजूला करून फोन तिच्या कानाशी धरला. तिनं माझं मनगट घट्ट पकडलं, म्हणून मला बाहेर जाता येईना. तिच्या कपाळावरचा डाग अजून तसाच होता. आई तिकडून बराच वेळ बोलत होती, ही नुसती ऐकत होती आणि तिचे डोळे मिटलेले होते. शेवटी ती म्हणाली, "नाही गं आई. बॅडमिंटन नव्हतंच."